चालू यंत्र आणि सुरक्षित यंत्र

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात घडलेली एक घटना आमच्या काही वाचकांना आठवत असेल. हृदयविकारावरील उपचारासाठी उत्तर प्रदेशातून आणलेले काही महिन्यांचे एक बालक तेथे दाखल होते. त्याच्या हृदयाचे ठोके दाखविण्यासाठी जोडलेल्या ईसीजी यंत्रात शॉर्ट सर्किट झाले, अंथरुणाने पेट घेतला आणि बालक भाजले. त्याचा एक हात कापावा लागला. २२ नोव्हेंबरला ते मरण पावले.

त्यानंतर जे व्हायचे ते सर्व रीतसर झाले. वृत्तपत्रांत मथळे आले, महापालिकेत सदस्य संतापून बोलले, भरपाईच्या रकमेची चर्चा झाली, पोलिसांत नोंद झाली. परंतु त्या दिवसांत आम्ही जी वृत्ते वाचली त्यांत एक साधा प्रश्न कोणी नेटाने विचारलेला आढळला नाही: या यंत्राची विद्युत-सुरक्षेच्या दृष्टीने शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली होती, ती कोणी केली होती, आणि मापकावर आकडा काय आला होता? हा प्रश्न मुंबईच्या एका रुग्णालयापुरता नाही. तो महाराष्ट्रातील प्रत्येक शासकीय आणि खाजगी रुग्णालयाला विचारण्याजोगा आहे, आणि चौसाळ्यासारख्या हमरस्त्यावरील गावात बसून तो विचारण्याला विशेष कारणही आहे.

कारण असे की यंत्रे आता आपल्याकडेही पोहोचली आहेत. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या भागातील दवाखान्यात विजेवर चालणारी वस्तू म्हणजे दिवा, पंखा आणि फार तर लसींचा फ्रीज. आज प्रसूतिगृहात नवजात बालकाला ऊब देणारे वॉर्मर असते. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या रुग्णालयांत खाटेशेजारी मॉनिटर, सक्शन, सलाईनचा वेग राखणारे पंप असतात. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत तर यंत्रांचा पूरच आला. सोलापूर-धुळे महामार्गावर अपघात झाला की जखमी माणसाला तीस-पस्तीस किलोमीटरवरील बीडला किंवा मांजरसुंब्याच्या फाट्यावरून वळून अंबाजोगाईला न्यावे लागते, आणि तेथे पोहोचताच त्याच्या छातीवर तीन किंवा पाच तारा चिकटविल्या जातात. यंत्र आले याचा आनंदच आहे. शहरातील श्रीमंताला मिळणारी सोय खेड्यातील ऊसतोड मजुराला मिळावी यासाठीच आपण आयुष्यभर भांडत आलो. पण यंत्राबरोबर त्याची देखरेख करणारी व्यवस्था आली नाही, आणि ती आली नाही हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक. विजेचे ज्ञान आमचे उसने आहे. तरी विषयाचा गाभा समजण्यास अभियंता असण्याची गरज नाही. पिठाच्या गिरणीत किंवा विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला पावसाळ्यात हात लावताना आपण बिचकतो, कारण आतील वीज थोडीफार बाहेरच्या पत्र्यावर उतरते हे अनुभवाने ठाऊक असते. विजेवरील कोणतेही यंत्र थोडासा प्रवाह गळू देतेच. गळलेला प्रवाह जमिनीत वाहून नेण्यासाठी तिसरी तार असते, तीच आपली अर्थिंग. ती शाबूत असेल तोवर माणूस वाचतो. ती तुटली की तो प्रवाह जवळच्या माणसाच्या अंगातून वाट काढतो.

धडधाकट माणसाला सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाहाने झिणझिण्या जाणवतात, १० च्या आसपास मूठ सुटेनाशी होते, आणि ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेल्यास हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. धडधाकट माणसाला कोरड्या त्वचेचे संरक्षण असते, पायात चप्पल असते, आणि चटका बसताच हात मागे घेण्याचे त्राण असते. मॉनिटरला जोडलेल्या रुग्णाजवळ यांतले काहीही नसते. ठोके नीट दिसावेत म्हणून त्याची त्वचा पुसून तिच्यावर ओलसर जेल लावलेले असते. म्हणजे विजेला अडविणारा बांध आपणच काढून टाकलेला असतो. तो बेशुद्ध असेल तर ओरडणार नाही. आणि हृदयापर्यंत नळी वा तार घातलेली असेल तर सुमारे १०० मायक्रोअँपिअर, म्हणजे एका मिलिअँपिअरचा दहावा हिस्सा, एवढा प्रवाहही घातक ठरू शकतो. तो परिचारिकेच्या बोटाला जाणवणारसुद्धा नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ६०६०१ क्रमांकाच्या मानकापासून हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या यंत्रांसाठी रुग्णाकडे गळणाऱ्या प्रवाहाची मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा बिघाड झालेला असताना ५० मायक्रोअँपिअर इतकी कडक ठेवलेली आहे. अशा यंत्राच्या जोडणीपाशी चौकटीत हृदयाचे चिन्ह छापलेले असते. भारतीय मानक १३४५० हे याच मानकाचे आपल्याकडील रूप. कारखान्यातून निघताना यंत्र या कसोटीला उतरते असे मानू. प्रश्न आहे तो पाच वर्षांनंतरचा: तार खाटेच्या चाकाखाली चेपली गेल्यावर, आत धूळ बसल्यावर, वर सलाईन सांडल्यावर, आणि प्लगची जाड पिन मोडल्यावर.

त्या जाड पिनेची हकीकत सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या भगिनीस एका रुग्णालयात दाखल केले होते. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. अशी पुष्कळ आहेत. रात्री खाटेशी बसलो असता सहज मॉनिटरच्या धातूच्या स्टँडला हात लागला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. ड्यूटीवरील परिचारिकेला बोलावून म्हटले, “सिस्टर, या यंत्राला करंट येतो आहे.” ती मुलगी जेमतेम पंचविशीतील, वॉर्डात एकटीच. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, “काका, आम्हांला माहीत आहे. आम्ही रबरी चप्पल घालूनच हात लावतो. तुम्ही नका लावू.” “आणि पेशंट?” या प्रश्नावर ती गप्प राहिली. मग भिंतीपाशी वाकून पाहिले. प्लगची अर्थिंगची पिन मुळातच नव्हती. भोके जुळत नाहीत म्हणून ती कोणीतरी कापून टाकली होती आणि उरलेल्या दोन पिना एक्स्टेन्शन बोर्डात खुपसल्या होत्या. यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेषा मात्र व्यवस्थित उमटत होती. ते यंत्र ‘चालू’ होते.

नंतर त्या मुलीने सांगितले की तक्रार लिहिली होती. पण लिहिल्यावर यंत्र दुरुस्तीला नेतात आणि महिनोन्महिने परत येत नाही, म्हणून आता कोणी लिहीत नाही. तिचे हे तर्कशास्त्र चुकीचे म्हणता येत नाही. धोक्याचे यंत्र आणि यंत्रच नसणे यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ ज्या व्यवस्थेने तिच्यावर आणली, तिचा दोष तिच्या माथी कसा मारावा?

आता आमच्या मुलुखापुरती आणखी एक गोष्ट. प्लगची पिन शाबूत असली, भिंतीतील तार शाबूत असली, तरी ती तार शेवटी इमारतीमागच्या एका खड्ड्यात जाते. त्या खड्ड्यात पत्रा किंवा नळी पुरलेली असते, भोवती कोळसा व मीठ असते, आणि माती ओली राहावी म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते. बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. काळ्या कातळावर हातभर माती, आणि एप्रिल-मे महिन्यांत माणसांना व जनावरांना टँकरची वाट पाहावी लागते. त्या दिवसांत अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतण्याची आठवण कोणाला राहणार? माती वाळते, तिचा रोध वाढतो, आणि उन्हाळ्यात, नेमके पंखे-कूलरांमुळे विजेचा भार सर्वांत जास्त असताना, अर्थिंग सर्वांत दुबळी होते. एखाद्या तपासनिसाने ऑगस्टमध्ये येऊन खड्ड्याचा आकडा घेतला आणि ठीक असल्याचा शेरा मारला, तर तो खोटा नसतो. मात्र मे महिन्यात तो खरा राहिलेला नसतो.

येथे तीन वेगवेगळ्या तपासण्यांची गल्लत होते ती स्पष्ट करणे आवश्यक आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी ७ वाचली, १० दगावली. चौकशी समितीने आगीचे मूळ बालकांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरच्या नियंत्रणपेटीतील विद्युत बिघाडात असल्याचे सांगितले. म्हणजे के.ई.एम.प्रमाणेच येथेही आरंभ झाला तो रुग्णाला जोडलेल्या यंत्रापासून. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. दहा महिने पुरे होण्याच्या आत, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, आपल्या शेजारच्या नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील करोना अतिदक्षता विभाग पेटला आणि त्या दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले.

अग्निसुरक्षेची तपासणी आग लागल्यानंतरचा विचार करते: नळकांडी भरलेली आहेत का, दारे उघडतात का, पाण्याचा फवारा आहे का. ती आवश्यकच आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यात ती वर्षातून दोनदा करून घेण्याची तरतूद आहे. दुसरी तपासणी इमारतीच्या विद्युत मांडणीची. भार किती, तारा कोणत्या, फ्यूज योग्य आहेत की नाहीत, हे विद्युत निरीक्षकाच्या कक्षेत येते. या दोन्ही तपासण्या भिंतीवरील सॉकेटपाशी येऊन थांबतात. सॉकेटच्या पुढचे, म्हणजे प्लगपासून रुग्णाच्या छातीपर्यंतचे जे दोन-तीन मीटर, त्यांचा गळतीचा प्रवाह मोजणे ही तिसरी तपासणी. तिच्यासाठी २००७ पासून ६२३५३ क्रमांकाचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे. नेहमीच्या तारेच्या यंत्रात प्लगच्या पिनेपासून धातूच्या पेटीपर्यंतचा रोध ०.३ ओहमपेक्षा अधिक नसावा, गळतीचा प्रवाह ठरल्या मर्यादेत असावा, निष्कर्ष नोंदवावा आणि यंत्रावर पुढील तपासणीची तारीख चिकटवावी, इतके ते सरळ आहे. सरावलेल्या तंत्रज्ञाला एका यंत्रास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. एखाद्या ग्रामीण रुग्णालयात अशी तीस यंत्रे आहेत असे धरले, तरी हिशोब दहा तासांचा, म्हणजे वर्षाकाठी दीड-दोन दिवसांचा होतो. तपासणीचे मापक जिल्ह्याला एक-दोन असले तरी ते फिरवून काम भागते.

एवढे स्वस्त काम सर्वत्र नेमाने का होत नाही, हा खरा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

आपल्या अंदाजपत्रकांत भांडवली खर्चाला मान आहे, महसुली खर्चाला नाही. यंत्रखरेदीत निविदा असते, पुरवठादार असतो, लोकार्पणाचा सोहळा असतो, कोनशिलेवर नाव असते. आमदार-खासदार निधीतून, उद्योगांच्या सामाजिक दायित्वातून, देणगीतून यंत्र मिळते. पण त्या यंत्राची तार बदलण्यासाठी पुढील दहा वर्षे दरसाल लागणारे काही हजार रुपये कोणी देणगी म्हणून देत नाही, कारण तारेवर नाव कोरता येत नाही. करोनाकाळात पीएम केअर्स निधीतून तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाला आलेल्या १५० व्हेंटिलेटरांची कथा २०२१ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आली. त्यांतील वापरात काढलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे न्यायालयासमोर मांडण्यात आले. केंद्राच्या वतीने दोष हाताळणाऱ्यांवर टाकण्याचा प्रयत्न झाला आणि न्यायालयाने त्याबद्दल नाराजी व्यक्त केली. दिले ते मोजले गेले, चालले की नाही ते मोजले गेले नाही.

देखभालीचा विचार शासनाने मुळीच केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली २०१५ साली वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम सुरू झाला. त्याआधीच्या पाहणीत देशातील सुमारे २९ हजार आरोग्य संस्थांत साडेसात लाखांहून अधिक उपकरणे, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये, आणि राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे नादुरुस्त, असे चित्र दिसले. काम कंत्राटदारांकडे सोपविण्यात आले आणि कसोटी ठरली ती अशी: जिल्हा रुग्णालयात उपकरणे ९५ टक्के, सामूहिक आरोग्य केंद्रात ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के काळ चालू असली पाहिजेत. खेड्याला शहरापेक्षा पंधरा टक्के कमी का, हे विचारण्याचा मोह आवरता घेतो. मुद्दा निराळा आहे. कंत्राटात नियतकालिक देखभाल आणि कॅलिब्रेशन यांचाही समावेश असतो. परंतु ज्या आकड्यावर कंत्राटदाराचे यशापयश मुख्यतः ठरते, तो आकडा ‘चालू’चा आहे. ज्या मॉनिटरची अर्थिंगची पिन कापलेली आहे, तो त्या हिशोबात शंभर टक्के चालू आहे. उलट सुरक्षेच्या कारणाने त्याला चार दिवस बाजूला ठेवले, तर चालूचा आकडा घसरतो. जे मोजले जाते त्याकडेच सर्वांचे लक्ष जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते.

क्ष-किरण यंत्राची स्थिती तुलनेने पाहावी. त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि ठरावीक मुदतीने गुणवत्ता चाचणी द्यावी लागते. मॉनिटरबद्दल असे विचारणारे मंडळ नाही. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच उपकरणे कायद्याच्या व्याख्येत आली. पण त्या नियमांचा रोख निर्मिती, आयात व विक्रीवर आहे. रुग्णालयाच्या दारातून आत गेलेले यंत्र पुढे कसे म्हातारे होते, याच्याशी त्यांना फारसे कर्तव्य नाही.

आणि मग दुर्घटना घडते, तेव्हा जबाबदारी कोठे उतरते? भंडाऱ्यात निलंबने व बदल्या झाल्या, कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवा समाप्त झाल्या, पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरला तीन दिवसांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अटकेत गेल्या. त्यांच्यापैकी कोणाची चूक होती किंवा नव्हती याचा निवाडा न्यायालयाचा आहे आणि आम्ही तो येथे करणार नाही. परंतु यंत्र खरेदी करणारा, देखभालीची तरतूद कापणारा, जैववैद्यकीय अभियंत्याचे पद निर्माण न करणारा असा कोणीही त्या यादीत नव्हता, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

या विषयात अतिशयोक्तीचाही धोका आहे. अमेरिकेत १९७१ साली ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांनी एका महिला मासिकातील लेखात दावा केला की त्या देशात दरवर्षी १,२०० माणसे रुग्णालयांत विजेच्या धक्क्याने मरतात. देशभर खळबळ उडाली. त्या आकड्याला पक्का आधार कधीच सापडला नाही, आणि जाणकारांनी त्याच्यावर टीकाही केली. मात्र त्या खळबळीतून रुग्णालयांनी अभियंते नेमले, मापके घेतली, नोंदवह्या ठेवल्या, आणि रुग्णालयीन अभियांत्रिकी हा एक व्यवसाय तेथे रुजला. आपल्या काही उत्साही मित्रांना यावरून मोठा आकडा फेकण्याचा मोह होईल. तो टाळावा. महाराष्ट्रात गळतीच्या प्रवाहाने किती रुग्ण दगावतात याची मोजणीच होत नाही. हृदयविकाराच्या रुग्णाचे हृदय थांबले तर मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकारच लिहिला जातो. मोजणी करा, ही मागणी आपण करावी; मोजणीआधीच उत्तर सांगू नये.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक शासकीय रुग्णालयातील रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राची वर्षातून एकदा आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर विद्युत-सुरक्षा तपासणी व्हावी, व तिची तारीख यंत्रावर सर्वांना दिसेल अशी असावी. खाजगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना हाच दाखला मागावा. देखभाल कंत्राटांत ‘चालू’बरोबर ‘सुरक्षित’ ही स्वतंत्र कसोटी घालावी आणि सुरक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या यंत्राचे दिवस दंडात धरू नयेत. जिल्ह्यात कायम सेवेतील जैववैद्यकीय अभियंता असावा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्यात आयटीआयचे इलेक्ट्रिशियन दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांतले अनेक पुण्याच्या रस्त्याला लागतात. महाविद्यालयात एक तपासणी कक्ष उभारून या मुलांना सहा महिने शिकविले, तर बीडबरोबर शेजारच्या धाराशिवचीही गरज भागू शकेल.

तोवर कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे काम हाताशी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कल्याण समित्या आहेत. त्यांच्याकडे थोडा मुक्त निधी असतो, आणि त्यांवरील लोकप्रतिनिधी व नागरिक सदस्य बहुधा चहा घेऊन सही करून परततात. पुढील बैठकीत तीन प्रश्न लेखी विचारावेत: अर्थिंगच्या खड्ड्याचा मे महिन्यातील रोध किती, रुग्णाला जोडलेल्या कोणत्या यंत्रांची तपासणी कधी झाली, आणि तीन पिनांचे सॉकेट किती खाटांपाशी आहेत. जाताना वायरमन सोबत न्यावा. आपल्या गावात तो कोणाचा ना कोणाचा भाऊबंद असतोच. सिस्टरांना आरोपीसारखे उभे करून विचारू नये. त्यांना धोका सर्वांत आधी कळतो, आणि त्यांनी लिहिलेल्या तक्रारीची पोच त्यांना मिळवून देणे हेच पुष्कळदा पहिले काम ठरेल.

आरंभ चौसाळ्यापासून करण्याचे आमच्या येथील मित्रांनी ठरविले आहे. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदा, असे दोनदा आकडे घेण्याची परवानगी मागणारे पत्र तयार आहे. ते आकडे, बरे असोत वा वाईट, याच पानावर छापण्यास आम्ही पाठवू.